झुंबरांच्या गावाची गोष्ट

आपल्याकडे एखाद्या जुन्या वाड्यात किंवा देवळाच्या सभामंडपात काचेचं झुंबर दिसलं, की जवळपासचं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘बेल्जियमचं हो!’’ आरसा जड असला की बेल्जियमचा, हंडी जुनी असली की बेल्जियमची. त्यातल्या काही वस्तू असतीलही तिथल्या. पण झुंबरांचं मोठं माहेर कुठलं असं विचाराल, तर नकाशावर बोट ठेवावं लागतं ते जर्मनीच्या कुशीत शिरलेल्या एका डोंगराळ पट्ट्यावर. पूर्वी त्या मुलखाला बोहेमिया म्हणत. पहिल्या महायुद्धानंतर तो चेकोस्लोव्हाकियात आला आणि १९९३ पासून चेक रिपब्लिकमध्ये आहे.

माझे लेक-जावई नोकरीसाठी प्रागला असतात. त्यांच्याकडे दोन महिने राहण्याचा योग आला. प्रागचा तो प्रसिद्ध पूल, किल्ला, घड्याळ सगळं बघून झालं. मग एका रविवारी लेक म्हणाली, ‘‘आई, चल, तुला दिव्यांचं गाव दाखवते.’’ प्रागच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर कामेनित्स्की शेनोव नावाचं गाव आहे. वस्ती चार हजारांच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडे त्याला तालुक्याचं गावसुद्धा कुणी म्हणणार नाही. गावाजवळ काळ्या दगडाचे षट्कोनी खांब एकमेकांना चिकटून उभे असलेली एक टेकडी आहे, पान्स्का स्काला. आपल्या सह्याद्रीतला बेसाल्टच तो! माझा अर्धा तास तिथेच गेला. मग आम्ही गावातल्या काचेच्या संग्रहालयात शिरलो आणि मान वर करून करून मानेला रग लागली.

या भागात काच का रुजली, तर जंगलामुळे. भट्टीला लाकूड आणि काचेला राख. बीच झाडाच्या राखेत जो खार असतो तो वाळूबरोबर वितळवून इथली काच होई. आपल्या आज्या राखेनं भांडी लखलखीत घासत. त्या राखेतला जो गुण भांड्यांना उपयोगी पडे, तोच खार इथे काचेला लागे. त्यात चुना मिसळून सतराव्या शतकात इथल्या कारागिरांनी अशी स्वच्छ आणि कडक काच बनवली, की तिला हिऱ्यासारखे पैलू पाडता येऊ लागले. व्हेनिसची काच नाजूक, ती पैलू पाडायला उपयोगाची नव्हती. १७२४ पासून शेजारच्या प्राखेन गावात योसेफ पाल्मे नावाचा कारागीर झुंबरं करू लागला आणि हा धंदा इथे बसला तो बसलाच.

झुंबर जवळून पाहिलंय कधी? मधला दांडा धातूचा असतो, पण तो दिसू नये म्हणून त्यावर काचेची पोकळ फुलदाणीसारखी अंगं एकावर एक ओवतात. गरम काच ओढून, वाकवून त्याचे हात करतात. प्रत्येक हाताच्या टोकाला मेणबत्तीसाठी वाटी. आणि मग लोलक! शेकडो, मोठ्या झुंबराला हजारो. प्रत्येक लोलकाला बारीक भोक, भोकातून तार, तारेला गाठ. ज्योत हलली की प्रत्येक पैलूवर उजेड नाचायचा. लोलक ओवण्याचं काम वर्षानुवर्षं प्रामुख्यानं बायकांकडे. गजरा ओवणाऱ्या बाईची बोटं कशी डोळ्यांआधी पळतात, तसंच हे.

१८५६ मध्ये या गावात काचेची शाळा सुरू झाली. युरोपातल्या या प्रकारच्या सगळ्यात जुन्या शाळांमध्ये तिची गणना होते, आणि ती आजही चालू आहे. या शाळेचं नाव लक्षात ठेवा, कारण पुढे सगळी गोष्ट तिच्यावरच येऊन थांबते. तिच्यामागून शेजारच्या नोवी बोरला १८७० मध्ये आणि झेलेझ्नी ब्रॉडला १९२० मध्ये अशाच शाळा निघाल्या.

इथे आपल्या बायकांच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. याच डोंगरांमध्ये, थोडं पूर्वेला, याब्लोनेत्स नावाचं गाव आहे. तिथे काचेचे मणी आणि खोटे दागिने बनत. आणि बनत त्या काचेच्या बांगड्या, खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथल्या बांगड्या पेट्याच्या पेट्या भरून बोटीनं आपल्याकडे येत. ज्या गावात कुणी बांगडी घालत नाही, तिथल्या घराघरांत आपल्या मनगटाच्या मापाच्या बांगड्या बनत होत्या. स्वदेशीच्या चळवळीत विलायती बांगड्या नकोत असं आपल्या पणज्या म्हणू लागल्या, पैसा पैसा गोळा करून १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंड काच कारखाना निघाला, त्यामागे ही सगळी परदेशी काच होती. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं, ऑस्ट्रिया शत्रूच्या बाजूला गेला आणि तिकडचा माल थांबला. ती जागा जपानी बांगड्यांनी भरली.

असो. परत झुंबरांकडे येते.

कामेनित्स्की शेनोवचं जुनं नाव श्टाइनशोनाऊ. गावातले बहुतेक लोक जर्मन बोलणारे. कारागीर, कारखानदार, व्यापारी, शाळेतले मास्तर, सगळे तेच. दुसरं महायुद्ध संपलं आणि हिटलरच्या अत्याचारांनी पोळलेल्या चेकोस्लोव्हाकियानं देशातल्या जर्मन भाषिकांना बाहेर काढलं. १९४५-४६ या दोन वर्षांत सुमारे तीस लाख माणसं सीमेपलीकडे गेली. यात नाझींचे पाठीराखे होते तसे ज्यांनी कुणाचं वाकडं केलं नाही असेही होते. घर, भट्टी, साचे, सगळं मागं ठेवून एका बोचक्यानिशी निघायचं. आपल्याकडे फाळणी ज्यांनी सोसली त्यांना हे वेगळं सांगायला नको. काही मोजक्या निष्णात कारागिरांना कामापुरतं थांबवून घेतलं गेलं. बाकीच्यांनी जर्मनीत नव्यानं चूल मांडली. बॉनजवळच्या राइनबाख गावात श्टाइनशोनाऊच्या लोकांनी पुन्हा काचेची शाळा काढली, तीही अजून चालू आहे.

मागे राहिलेल्या गावात भट्ट्या होत्या, पण फुंकणी धरणारे हात नव्हते. शाळेत बाकं होती, शिकवायला कुणी नव्हतं. मग प्रागहून पोरसवदा चित्रकार पाठवले गेले. रेने रौबिचेक कामेनित्स्की शेनोवच्या शाळेत मास्तर म्हणून आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. स्तानिस्लाव्ह लिबेन्स्की नोवी बोरला आला, तोही जवळजवळ त्याच वयाचा. मला हे फार विलक्षण वाटतं. जुन्यांचा अनुभव नाही, पण जुन्यांचं ओझंही नाही. पंखावर पंख, पैलूवर पैलू अशी काच त्यांना करायचीच नव्हती.

त्यात १९४८ मध्ये देशात कम्युनिस्ट सत्ता आली. कारखाने सरकारजमा झाले. झुंबरांचे सगळे छोटे-मोठे कारखाने एकत्र करून ‘लुस्त्री’ नावाचा सरकारी उद्योग झाला. चेक भाषेत लुस्त्री म्हणजे झुंबरंच. परदेशी विक्री ‘स्क्लोएक्स्पोर्ट’ या एकाच सरकारी संस्थेमार्फत. चित्रकारांनी काय काढायचं हेही सरकार ठरवू लागलं. कामगार, ट्रॅक्टर, गव्हाची शेतं काढा. नुसते रंग, नुसते आकार अशी अमूर्त चित्रं काढली तर ती प्रदर्शनात लागत नसत. मात्र काच? ती पडली उपयोगाची वस्तू. फुलदाणी, पेला, दिवा. दिव्यात कसलं आलंय राजकारण! शिवाय काच परकीय चलन आणायची. त्यामुळे ज्यांना कॅनव्हासवर मनासारखं करता येत नव्हतं, ते काचेकडे वळले. जे चित्र भिंतीवर चाललं नसतं, ते छताला टांगलं तर चालत होतं.

या सगळ्याचं फळ जगानं पाहिलं ते १९५८ मध्ये. ब्रसेल्सला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे चेकोस्लोव्हाकियाच्या दालनाला सर्वोत्कृष्ट दालनाचं पारितोषिक मिळालं. रौबिचेकचं काचशिल्प आणि लिबेन्स्कीचं काम, दोघांनाही तिथले मोठे सन्मान लाभले. पडद्याआडच्या गरीब देशाकडून लोकांची अपेक्षा पोलादाच्या यंत्रांची, आणि तिथे पाहावं तर हलकीफुलकी, मजेदार, रंगीत काच! प्रदर्शनातलं त्यांचं उपाहारगृह नंतर उचलून प्रागच्या लेत्ना टेकडीवर आणून बसवलं. ती इमारत अजून आहे, आम्ही बाहेरून पाहिली.

प्रदर्शन संपलं, पण त्याची हवा घराघरांत शिरली. ‘ब्रसेल्स शैली’ असंच नाव पडलं तिला. बारीक तिरक्या पायांची टेबलं, मूत्रपिंडाच्या आकाराची टीपॉय, फिके पिवळे-गुलाबी-आकाशी रंग. आणि दिवे. महायुद्धानंतर नवे फ्लॅट बांधले जात होते, छत ठेंगणं, खोल्या लहान. तिथे लोलकांचं झुंबर टांगलं तर उभ्या माणसाच्या डोक्याला लागायचं. म्हणून छोटे दिवे हवे होते, आणि मेणबत्तीऐवजी विजेचे.

आता यात एक मेख आहे. मेणबत्तीचा उजेड मंद, हलता. त्याला पैलू लागतात, म्हणजे तो शंभर ठिकाणी चमकतो. विजेचा बल्ब मुळात डोळ्यांत खुपणारा. त्याला चमकवायचं नसतं, शांत करायचं असतं. म्हणून या काळातल्या दिव्यांची काच बिलोरी कमी आणि दुधी जास्त. ही दुधी काच कशी करतात ते ऐकण्यासारखं आहे. भट्टीत काच बाराशे अंशांच्या आसपास तापलेली, पाकासारखी. कारागीर लांब फुंकणीच्या टोकावर पारदर्शक काचेचा गोळा घेतो, त्यावर दुधी काचेचा थर चढवतो, त्यावर परत पारदर्शक. दुधावर साय असते तसा मधला थर. मग पाण्यात भिजवलेल्या लाकडी साच्यात तो गोळा धरून फुंकायचं आणि फुंकता फुंकता गोल फिरवत राहायचं. ओल्या लाकडाची वाफ होते आणि काच त्या वाफेवर तरंगल्यासारखी फिरते, लाकडाला चिकटत नाही. एका जागी थांबलात की ओरखडा पडलाच. नंतर तो दिवा वेगळ्या भट्टीत पाचशे अंशांवरून अगदी सावकाश गार करायचा, नाहीतर तडकतो. शेवटी वरचं टोक कापायचं, कडा घासायच्या, हवं तर आम्लानं पृष्ठभाग मऊ करायचा. लोण्यासारखा दिसतो मग. हे सगळं एका साध्या स्वयंपाकघरातल्या दिव्यासाठी!

प्रागला आमच्या लेकीच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहतात, पंच्याहत्तरीच्या. त्यांच्याकडे एकदा कॉफीला गेलो. कपाटावर असाच दिवा होता, पितळी पाय आणि वर दुधी काचेची टोपी, थोडी एका बाजूला कललेली. लेकीला चेक भाषा बऱ्यापैकी येते. तिच्यामार्फत मी विचारलं, हा कुठला? आजी म्हणाल्या, ‘‘माझ्या आईनं घेतलेला. दुकानात तेव्हा फारसं काही मिळायचं नाही. मांसाला रांग, संत्र्यांना रांग. पण दिवे मात्र सुंदर मिळायचे.’’ आणि हसल्या.

मला ते वाक्य फार लागलं. कारण या दिव्यांकडे आज जगभरचे हौशी लोक ‘विंटेज’ म्हणून धावतात, भरपूर पैसे मोजतात. ‘नापाको’, ‘लिडोकोव्ह’, ‘ड्रुकोव्ह’ अशी तेव्हाच्या उत्पादकांची नावं तोंडपाठ असणारे लोक आहेत. ज्या घरांसाठी ते बनले, तिथे मात्र ते सुखाची एकुलती एक वस्तू म्हणून आले होते. दिवा सुंदर होता म्हणून तो काळ सुंदर होता असं कुणी म्हणू नये. ती बाहेरच्यांची हौस झाली.

या दिव्यांचे रचनाकार कोण? काही नावं टिकली आहेत. योसेफ हूर्का हे ‘नापाको’साठी काम करणारे, त्यांचे टेबलावरचे दिवे फार गाजले. हेलेना फ्रान्तोवा या बाईंनी ‘ओकोलो’साठी दिवे रचले, छान गोलसर, खेळकर. चेक बायकांच्या आडनावाच्या शेवटी ‘ओवा’ येतं, आपल्याला मार्टिना नवरातिलोव्हामुळे ठाऊक आहेच. ते एका अर्थी सोयीचंच म्हणायचं. जुन्या यादीत नुसतं आडनाव असलं तरी बाई कळते. पण तशा याद्याच थोड्या. दिव्यावर कारखान्याचा छाप असे, नमुन्याचा क्रमांक असे, माणसाचं नाव बहुधा नसे.

ज्यांची नावं राहिली अशा दोघींबद्दल सांगते. यारोस्लावा ब्रिख्तोवा ही झेलेझ्नी ब्रॉडची, तिचे वडील तिथल्या काचशाळेच्या संस्थापकांपैकी. १९५० च्या दशकात लिबेन्स्की त्या शाळेचा प्रमुख होऊन आला. त्यानं काढलेलं एक रेखाचित्र तिनं पाहिलं आणि ते काचेत ओतून बघितलं. पुढे त्यांचं लग्न झालं, आणि जवळजवळ पन्नास वर्षं दोघांनी मिळून काम केलं. तो चित्र काढायचा, ती मातीत घडवायची, मग साचा, मग काच. जाड काचेच्या पोटातून उजेड कसा जाईल, कुठे गडद होईल, कुठे फिका, हा सगळा विचार त्यात असे. लिबेरेत्स शहराजवळ येश्टेड डोंगरावर १९७३ मध्ये उघडलेलं हॉटेल-मनोरा आहे, त्याच्या काँक्रीटच्या भिंतीत या दोघांनी काच अशी बसवली आहे की जणू उल्का येऊन रुतल्यात. बरं, सह्या दोघांच्याही असत. हे त्या काळात सोपं नव्हतं. लिबेन्स्की २००२ मध्ये गेला, ब्रिख्तोवा २०२० मध्ये, पंचाण्णव वर्षांची होऊन.

दुसरी मिलुशे रौबिचकोवा, रेने रौबिचेकची बायको. नवरा काचेचे उंच खांब, वळणावळणाची झुंबरं करायचा. ही बाई काय करायची? काचेचे केक! काचेच्या बरण्यांत काचेचा मुरंबा, काचेच्या लॉलीपॉप. समीक्षकांनी आधी नाकं मुरडली असतील तर नवल नाही. मला मात्र ते बघून असा आनंद झाला म्हणून सांगू! रांगा लावून साखर आणावी लागणाऱ्या काळात या बाईनं मुरंब्याची बरणी भरली ती कधी न संपणारी.

काचेचे दिवे पुढे मोठ्या सरकारी इमारतींतही गेले. कार्लोवी व्हारी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात ‘थर्मल’ नावाचं हॉटेल आहे. तिथला चित्रपट महोत्सव आपल्याकडेही माहीत आहे. ते बांधलं व्लादिमीर माखोनिन आणि व्हेरा माखोनिनोवा या नवरा-बायकोंनी, १९७० च्या दशकात पूर्ण झालं. इमारतीइतकेच आतले दिवे, खुर्च्या, काचशिल्पं विचार करून केलेली. कम्युनिस्ट राजवट १९८९ मध्ये गेल्यावर अशा इमारती लोकांना नकोशा झाल्या. ‘त्यांच्या’ काळातलं ना, काढून टाका! थर्मलचं अलीकडे नूतनीकरण निघालं तेव्हा मूळ वस्तू जाणार म्हणून बराच वाद झाला. तरुण मुलं म्हाताऱ्या व्हेराबाईंच्या बाजूनं उभी राहिली. आजोबांच्या पिढीला ज्याचा राग, नातवंडांना त्याचंच अप्रूप. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांचं झालं ना, तसंच काहीसं.

धंद्याचं मात्र १९८९ नंतर अवघड झालं. सरकारी विक्रीसंस्था बुडाली. स्वस्त माल चीनहून येऊ लागला. २००८ च्या जागतिक मंदीत तर मोठमोठे काचकारखाने कोसळले. नोवी बोरचा ‘क्रिस्टालेक्स’ बंद पडला, पुढच्या वर्षी नव्या मालकाकडे पुन्हा सुरू झाला. काचेची भट्टी ही आपल्या चुलीसारखी नाही. ती रात्रंदिवस जळतीच ठेवावी लागते, विझवली की पुन्हा पेटवणं महागात पडतं. त्यामुळे २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धानं गॅसचे भाव भडकले तेव्हा सगळ्या खोऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

पण धागा तुटला नाही. ‘लुस्त्री’चा वारसा ‘प्रेसिओसा’ चालवते, कामेनित्स्की शेनोवमध्येच. २००७ मध्ये ‘लास्विट’ निघाली. ‘ब्रोकिस’ ही कंपनी १८०९ पासूनच्या यानश्टेइन काचकारखान्यात, म्हणजे जुन्या भट्टीवर, दिवे फुंकते. तिच्यासाठी ल्युसी कोल्दोवा या तरुण बाईंनी केलेले दिवे जगभर जातात, आणि त्यावर तिचं नाव ठळक असतं! डिसेंबर २०२३ मध्ये हातानं काच घडवण्याच्या कौशल्याला युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. चेक रिपब्लिकबरोबर फिनलंड, फ्रान्स, जर्मनी, हंगेरी आणि स्पेन. ज्या जर्मनीत इथले कारागीर हाकलले गेले होते, तिचं नाव त्याच कागदावर.

आणि ती १८५६ ची शाळा? दोन महायुद्धं, देशाची तीन-चार नावं, भाषेची अदलाबदल, सगळं बघून ती आहे तिथेच आहे. पंधरा-सोळा वर्षांची मुलं-मुली तिथे काचेला पैलू पाडायला, कोरायला, दिवे रचायला शिकतात. संग्रहालयातून निघालो तेव्हा दोन मुली पाठीला सॅक लावून बसस्टॉपवर उभ्या होत्या. एकीच्या बोटाला चिकटपट्टी. लेक म्हणाली, ‘‘काचशाळेतलीच असणार.’’

परत निघायच्या आदल्या दिवशी वरच्या आजींना निरोप द्यायला गेले. त्यांनी कपाटावरचा दिवा काढून माझ्या हातात दिला, बघायला. वाटला त्याहून जड. मी उलटा करून पाहिला. तळाशी पिवळा पडलेला कागद, त्यावर ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’, खाली चार आकडी क्रमांक. कारागिराचं नाव नाहीच. दुधी टोपीच्या कडेवर मात्र अंगठ्याएवढी एक जागा जरा कमी घासलेली, खरखरीत होती. आजींनी माझं बोट धरून तिथे ठेवलं. म्हणाल्या, ‘‘आईला ही जागा माहीत होती. मलाही माहीत आहे. दुकानातल्या दुसऱ्या दिव्यांना नव्हती.’’